माघारीच्या आधी

प्रिय मंगे,

पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय. पोस्टाने पोचेपर्यंत माघारीची मुदत उलटून जाईल, आणि फोनवर बोलावं तर घरात सतत कुणीतरी बसलेलं असतं. तब्येत बरी आहे. गुडघा होता तसाच.

मी नगरपरिषदेला फॉर्म भरलाय. अपक्ष. छाननीत टिकलासुद्धा. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र, मालमत्तेचं शपथपत्र, सगळं दादाने फाइलला लावून दिलं. तोच दादा आता म्हणतोय, मागे घे.

आमच्या प्रभागात दोन जागा. 'अ' सर्वसाधारण महिला, 'ब' नुसती सर्वसाधारण. मी 'ब'ला भरलाय. 'अ'ला शिवणवाल्या काकूंची सून उभी आहे, गुणाची मुलगी, तिची मतं मी कशाला खाऊ? पण 'ब'चं कळल्यापासून रोज दारात माणसं. "वहिनी, बायकांची जागा वेगळी आहे ना, मग पुरुषांच्या जागेवर कशाला?" पुरुषांची जागा कुठल्या कायद्यात लिहिलीय गं? २०११ साली राज्यात बायकांचं आरक्षण ३३ वरून ५० टक्के झालं. उरलेल्या निम्म्यात बाईने पाय ठेवू नये, असं त्यात कुठेही नाही. शिवाय राखीव जागेचा प्रवर्ग सोडतीत बदलतो. आज सर्वसाधारण महिला, पुढच्या खेपेला दुसऱ्या प्रवर्गातली महिला. मग पाच वर्षं राबलेल्या बाईने जायचं कुठे? 'ब'लाच ना?

एवढी वर्षं निवडणुका रखडल्या, प्रशासक बसला. तेव्हा तुंबलेल्या गटाराचा अर्ज घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या दाराशी मी उभी असायचे. ती पुरुषांची जागा आहे असं तेव्हा एकालाही सुचलं नाही!

आणि बोलणी सगळी ह्यांच्याशी. मी समोर बसलेले असते, तरी "साहेब, वहिनींना समजवा." काल निरोप आला की माघार घेतली तर पुढे स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडणूक न लढता नेमलेला सदस्य, म्हणून बघू. कुणाला बघू, तर ह्यांना! हे काहीच बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, हे मला फार लागलंय. तू इथे असतीस तर त्या मंडळींना चहाऐवजी प्रश्नपत्रिका वाटली असतीस, आणि निम्मे नापास केले असतेस.

तुझी बदली झाली का? लेकीला हवी ती शाखा मिळाली का? तुलाही निवडणुकीची ड्यूटी लागली असेलच. आईंना नमस्कार सांग.

मंगे, तुला लिहायचं कारण तुला कळलंच असेल. कॉलेजात तू विद्यार्थी प्रतिनिधीचा फॉर्म मागे घेतलास आणि आपण कितीतरी दिवस बोललो नाही. तू घ्यायला नको होतास, असं मी आजही म्हणते. आपल्या देशमुख बाईंनीही तेच सांगितलं होतं, आठवतं? पण त्या संध्याकाळी तुझ्या घरी कोण कोण आलं होतं, अण्णा काय म्हणाले, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही खोदून विचारलं नाही.

आता सांग. सही करून आलीस त्यानंतर बरं वाटलं का? घरातले नीट वागले? आणि किती दिवसांनी तुला वाटलं, की उभं राहायला हवं होतं?

मी माघार घेणार नाहीये. पण रात्री दोनला डोळे उघडतात, आणि शेजारी हेही जागेच असतात, दोघंही गप्प. त्यांच्याशी काय बोलू ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत मुदत आहे. त्याआधी लिही. आणि निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, त्याला तुझं गणित लागेल. सुट्टी टाकून ये.

तुझीच,
कुंदा