काका, आई आता मागच्या सीटवर झोपते

काका,

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावून सांगितलंय, म्हणून नुसतं काका म्हणतो. पत्र तुमच्यासाठीच आहे, पण उघडपणे लिहितोय, कारण घरची वॅगन (छप्पर पार डिकीपर्यंत लांबवलेली गाडी) आणि डोक्यात सायलेन्सर, स्प्रिंगा, अलॉय चाकं असं माझ्यासारखं अनेकांचं चाललेलं असतं, त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळू दे. समोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. इथे तरी पूर्ण ऐकून घ्या.

तुमच्याकडे आलो तेव्हा गाडीत मी तीन कामं करून ठेवली होती आणि तिन्ही मनापासून, पैसे साठवून केली होती. सायलेन्सरचा मधला डबा काढून सरळ अडीच इंची पाइप, ५० मिलीमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, आणि १८ इंची चाकं. उभी असताना गाडी इतकी देखणी दिसायची की पार्किंगमधून निघताना दोनदा वळून बघायचो. पण आईने हळूहळू गाडीत बसणं बंद केलं. भांडली नाही, कधी कमरेचं, कधी डोक्याचं कारण सांगायची आणि "मी बसने येते रे, तुम्ही व्हा पुढे" म्हणायची. आणि मुलगी, जी आधी गाडी सुरू झाली की दहा मिनिटांत गाढ झोपायची, ती कान दाबून बसायला लागली. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बॉनेट उघडलं नाही, गाडीखालीही वाकला नाहीत, सरळ मागचं दार उघडून चाइल्ड सीटच्या शेजारी जाऊन बसलात आणि म्हणालात, चालव.

काका, त्याआधी मी खूप जणांना गाडी दाखवली होती. सगळे पुढे बसायचे. मागे बसून बघणारे तुम्ही पहिले.

तुम्ही डोळे मिटून बसला होतात आणि एक हात मागे डिकीच्या फळीवर ठेवला होता. सहाव्या गिअरमध्ये २४०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला २४०० फेऱ्यांना, आलो तसे म्हणालात, इथेच धर, हलवू नको. मग २००० वर उतरवायला लावलंत, मग ३०००, मग परत २४००. खाली उतरल्यावर खिशातला खडू काढून जमिनीवरच गणित मांडलंत, ते मला अजून जसंच्या तसं आठवतंय. २४०० म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ८० ठोके, आणि बरोबर त्याच ठोक्याला या गाडीचा मागचा मोकळा भाग साथ देतो. सेडानमध्ये डिकी वेगळी असते, मध्ये सीटची पाठ आणि पत्रा असतो, वॅगनमध्ये सगळी एकच लांब खोली, त्यामुळे डिकीची फळी ढोलाच्या चामड्यासारखी घुमते. पुढे बसून मला जो भारदस्त आवाज वाटायचा तो मागे लेकीच्या कानावर आणि आईच्या पाठीवर आदळत होता. हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

मला वाटलं आता म्हणणार, काढ सगळं आणि ओरिजिनल बसव. तसं म्हणाला असता तर मी ऐकलंही असतं. पण तुम्ही विचारलंत, "तुला या आवाजातलं नेमकं काय आवडतं?" मी म्हटलं गाडी ओढताना येणारा तो खालचा खर्ज. तुम्ही म्हणालात, मग तो ठेवू, घुमणं तेवढं काढू.

आधी मधला डबा परत आला, पण सरळ आरपार जाणारा, आत जाळीची नळी आणि भोवती ग्लासवूल भरलेला. त्याने वरचा कर्कशपणा गेला, घुमणं थोडंच कमी झालं. मग तुम्ही ती बंद टोकाची नळी मुख्य पाइपला जोडलीत, जी बघून मला वाटलं होतं की ही नळी कुठेच जात नाही तर तिचा उपयोग काय. तुम्ही समजावलंत की आवाजाची लाट त्या नळीत शिरते, बंद टोकाला आपटून परत येते, नळीची लांबी लाटेच्या पाव असेल तर जाऊन येईपर्यंत बरोबर अर्ध्या लाटेचा उशीर होतो, मग उंचवट्यासमोर खळगा येतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. साधारण ३०० अंशाच्या गरम वायूत आवाज सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास धावतो, ८० ने भागलं की लाट ६ मीटरची, तिचा पाव दीड मीटर. पण बंद नळीतली हवा वाहत नाही म्हणून थंड असते, थंड हवेत आवाज हळू, म्हणून नळी दीड मीटरपेक्षा आखूडच लागणार असं म्हणून तुम्ही टोकाला सरकतं बूच ठेवलंत. थोडं आत सरकव, चालवून बघ, परत सरकव. अख्खी संध्याकाळ आपण तेच केलं. १.४ मीटरच्या जवळपास आलो आणि २४०० ला गाडीत एकदम असं शांत झालं की मला वाटलं इंजिन बंद पडलं. मग बूच वेल्ड केलंत.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आणि ऑक्सिजन सेन्सर यांना मात्र तुम्ही बोटही लावू दिलं नाहीत, त्याच्या मागचाच पाइप बदलायचा, पुढचं जसंच्या तसं. आणि ते सायलेन्सरचं तोंड. माझं बंपरच्या आतच संपत होतं, दिसायला छान, काही दिसायचंच नाही. तुम्ही सांगितलंत की वॅगनच्या सपाट पाठीमागे चालताना हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथेच घोटाळत राहतो, डिकीच्या दाराचं रबर जरा जरी सैल असलं तरी तो आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही. आईचं डोकं दुखायचं ते आवाजामुळे की यामुळे हे मला आता कधीच कळणार नाही, पण तुम्ही तोंड बंपरच्या बाहेर काढलंत आणि डिकीचं रबर बदलायला लावलंत तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता.

स्प्रिंगांचं तर काय सांगू. मला ज्या विकल्या गेल्या त्या याच गाडीच्या हॅचबॅकच्या होत्या, बसतात त्याही, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण वॅगनचं मागचं टोक लांब, काच जास्त, वजन जास्त, आणि वर आपण सामान आणि तीन माणसं मागेच टाकतो. तुम्ही गाडी रिकामी असताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावून माप घेतलंत, मग मला घरी पाठवून आई, बायको, लेक, चाइल्ड सीट आणि सुट्टीला नेतो तेवढं सगळं सामान घालून परत बोलावलंत आणि परत माप घेतलंत. बंप स्टॉपला, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबू नये म्हणून असलेल्या रबराच्या ठोकळ्याला, टेकायला बोटभरही जागा उरली नव्हती. म्हणजे भरलेल्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग काम करतच नव्हती, रबराचा ठोकळा काम करत होता, आणि तो धक्का थेट आईच्या मणक्याला. शिवाय मागून दबल्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात होते, हेही तेव्हाच दाखवलंत.

मग वॅगनसाठीच बनवलेल्या, फक्त २५ मिलीमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, आणि त्यांच्या जोडीचे शॉकअप, नवे बंप स्टॉप, वरचे माउंटही नवे. शॉकअप जुनेच राहू देत असं मी म्हणत होतो. तुम्ही म्हणालात स्प्रिंग कडक झाली की ती दाबल्यावर उसळून परतही जोरात येते, ती उसळी धरायची ताकद जुन्या शॉकअपमध्ये नाही, गाडी रस्त्यावर नाचत राहील. आणि मला वाटायचं जितकी खाली तितकी वळणावर घट्ट. तुम्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, दाखवलात, तो चाकाकडे वर चढला होता. अशा सस्पेन्शनमध्ये आर्म वर चढला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनापेक्षा जास्त खाली जातो, म्हणून फार खाली बसवलेली गाडी वळणावर उलट जास्त कलायला बघते. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. सगळं बसवून झालं होतं, रात्र झाली होती, फक्त आर्मचे बोल्ट आवळायचे राहिले होते आणि मी पाना लावला. तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात गाडी आत्ता लटकलीये, आर्मच्या सांध्यातल्या या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं, आत्ता आवळलास तर गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचं पिळलेलंच राहील आणि लवकर फाटेल. मग प्रत्येक चाकाखाली वेगळा जॅक लावून, टेपने मापून, गाडी जमिनीवर उभी असते त्याच उंचीला आर्म आणून एकेक बोल्ट आवळलात. अंधारात, टॉर्च दातात धरून. कोणाला दिसणारसुद्धा नाही असं ते काम, आणि तुम्हाला ते अर्धवट सोडवलं नाही. त्या रात्री मी घरी जाऊन बायकोला हेच सांगत बसलो होतो.

चाकांचं थोडक्यात लिहितो, कारण तिथे मी तुमच्याशी वाद घातला होता आणि त्याबद्दल माफीही मागायची आहे. मूळ चाक ७ इंच रुंद, ऑफसेट (रिम गाडीला जिथे टेकतं ती बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलीमीटर बाहेर, तो आकडा; कमी म्हणजे चाक जास्त बाहेर) ४५, मी घातलेलं ८ इंच आणि ३५, म्हणजे बाहेरच्या बाजूला जवळजवळ २३ मिलीमीटर जास्त, म्हणून भरल्या गाडीत टायर फेंडरला घासायचं. पण तुम्ही टायरच्या कडेवरचा बारीक आकडा वाचायला लावलात. मूळ टायर ९१, म्हणजे एकावर ६१५ किलो. माझं नवं ८८, म्हणजे ५६०. मागच्या दोन चाकांवर मिळून ११० किलो कमी, आणि तेही जिथे आपण माणसं आणि सामान ठेवतो तिथे! शिवाय रिमचं मधलं भोक ७३.१ आणि माझा हब (रिम ज्यावर बसतं तो गाडीचा मधला भाग) ५७.१ मिलीमीटर, मध्ये रिंगच नव्हती, म्हणून शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरायचं आणि मी बॅलन्सिंग करून थकलो होतो. आणि बोल्ट मूळचे, गोल बुडाचे, तर रिमचा खळगा शंकूसारखा. ते तुम्ही बोटावर ठेवून दाखवलंत, कसं कडेला एका बारीक रेषेवरच टेकतंय. ते सैल होऊ शकले असते, लेक मागे बसलेली असताना. वाद तिथेच संपला.

आता १७ इंची आहेत, साडेसात रुंद, ऑफसेट ४५, २२५/४५ चं टायर (२२५ मिलीमीटर रुंद, भिंत त्या रुंदीच्या ४५ टक्के), लोड ९४. मूळ २०५/५५ च्या १६ इंचीशी उंचीत जेमतेम अडीच मिलीमीटरचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. टायरची भिंत १०१ मिलीमीटर, आधीच्या १८ इंचीला ९० होती. ऐकायला किरकोळ वाटतं पण खड्ड्यात तो एक सेंटिमीटर कळतो.

आणि चाकांची अलाइनमेंट! जुन्या टायरवर तुम्ही माझा तळहात ठेवून फिरवायला लावला होतात, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत होतं. टो, म्हणजे चाकं सरळ समोर न बघता किती आत-बाहेर वळलीत ते, बिघडली की असं होतं म्हणालात, मशीनच्या आधी हात सांगतो. मी आता दर महिन्याला चारही टायरवर असा हात फिरवतो. अजून तरी दोन्हीकडून सारखंच लागतंय.

मागच्या आठवड्यात लांबचा प्रवास झाला, गाडी पूर्ण भरलेली. निघाल्यावर तासाभराने मागून काहीच आवाज येईना म्हणून आरशात बघितलं तर लेक झोपलेली, आणि तिच्या शेजारी आई, तोंड थोडं उघडं, मान खिडकीला टेकलेली, तीही झोपलेली. वर चढ लागला, मी गिअर खाली घेतला, तो आवडता खर्ज आला, आणि दोघी हलल्यासुद्धा नाहीत. त्याच वेळी ठरवलं की हे पत्र लिहायचं.

पैसे तुम्ही फक्त सामानाचे घेतलेत, मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत. निदान एवढं तरी ऐका. चाकं बसवल्यावर शंभर किलोमीटरने बोल्ट परत तपास म्हणून तुम्ही स्वतःचा टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराला आवळणारा पाना) मला दिला होतात, गाडीच्या पुस्तकाप्रमाणे १२० न्यूटन-मीटरवर लावून. तपासले, वीसपैकी दोन बोल्ट किंचित फिरले, बाकी जागेवर होते. तो रेंच पुसून, सेटिंग परत खाली आणून डब्यात ठेवलाय. रविवारी सकाळी द्यायला येतो, आईही येणार म्हणतेय, तिला तुम्हाला भेटायचंय.

तुमचा,
खालच्या पार्किंगमधला वॅगनवाला