टायपिंग शिकवता तसं मॅपिंगही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात टायपिंगचे क्लास लई झालेत, ३० आणि ४० स्पीडच्या परीक्षा पोरं झटून देतात, चांगलंच आहे, पण जे काम रोज तेच तेच करायचंय ते एडिटरलाच, म्हणजे मजकूर लिहायच्या-बदलायच्या प्रोग्रामलाच, एकदा शिकवून ठेवता येतं (एका कीला दुसऱ्या कीचं काम लावून देणं म्हणजे मॅपिंग, तेही त्यातलंच) हे त्यांना कोणी सांगतच नाही, आणि ते मला फार खटकतं.

मी डीटीपीची कामं घेतो, मजकूर सगळा विम नावाच्या एडिटरमध्ये साफ करतो. गिऱ्हाईकाच्या फाईलीत निम्मे अंक इंग्रजी, निम्मे मराठी. हाताने बदलत बसलं तर दिवस जातो आणि वर एखादा राहतोच. आता युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो नंबर देतो त्यात, मराठी शून्याचा नंबर २४०६ आणि ९ चा २४१५, म्हणजे सापडलेला इंग्रजी अंक २४०६ मध्ये मिळवायचा की मराठी अंक तयार. ही एक ओळ विमआरसी या विमच्या सेटिंगच्या फाईलीत ‘Ank’ (अंक) नावाची कमांड म्हणून लिहून ठेवलीय (नावाचं पहिलं अक्षर कॅपिटलच लागतं, नाहीतर विम घेत नाही), कोलन देऊन नाव टाकून एंटर मारला की अख्खी फाईल बदलते. मागावरच्या जॅकार्डची पंचकार्डं एकदा भोकं पाडून बांधली की नक्षी परत परत तीच उमटते ना, तसंच हे.

मराठी टाईप करणाऱ्यांची अजून एक अडचण असते. विममध्ये कर्सर एच, जे, के, एल या कींनी हलवतात, पण इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना त्या दाबल्या की प, र, क, त येतं, मग कर्सर हलणार कसा? त्यावर विममध्ये लँगमॅप नावाचं सेटिंग आहे, प म्हणजे एच, र म्हणजे जे असं लिहून दिलं की नॉर्मल मोडमध्ये (की दाबली की अक्षर न उमटता कमांड चालते तो मोड) कीबोर्ड बदलावा लागत नाही आणि टायपिंग मराठीतच राहतं.

शिकवताना एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, मॅपिंग लिहिताना साधा मॅप नको, नोरीमॅप लिहा, म्हणजे एक मॅपिंग दुसऱ्या मॅपिंगला बोलावत नाही. शिफ्ट वाचवायला कोलन आणि सेमीकोलनची अदलाबदल बरेच जण करतात, ती साध्या मॅपने केली तर पहिलं दुसऱ्याला बोलावतं, दुसरं पहिल्याला, आणि १००० वेळा फिरून विम एरर देतो. पोरगं घाबरून सगळंच सोडून देतं.

पैशाचा तर प्रश्नच नाही. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये विम आणला तो फुकटच, द्यायचंच असेल तर युगांडातल्या मुलांसाठी द्या म्हणाले.

इथल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये पीसी रीस्टार्ट झाला की पोरांनी लिहिलेली विमआरसी पुसली जाते, मग परत कोण लिहिणार सांगा. ती फाईल प्रत्येकाच्या लॉगिनला टिकू द्या आणि पहिल्या सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल याचं ठेवा, एवढं तुमच्या पेपरातून कॉलेजवाल्यांच्या आणि क्लासवाल्यांच्या कानावर घाला ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर