नाव न सांगणाऱ्यांचे आभार

विद्यापीठाच्या ग्रंथालयात धर्म-अभ्यासाचा विभाग उभा राहतोय, तो नुसत्या खरेदीच्या यादीवर नव्हे. संदर्भग्रंथ पैसे मोजले की येतात. पण गोव्यातल्या डिचोलीच्या काकींनी आणून दिलेली, लाल रुमालात बांधलेली पोथी कुठला विक्रेता देणार? पानापानांत कडुलिंबाचा पाला होता, म्हणून कसर लागली नव्हती. सासष्टीतल्या एका घरातून रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीतली प्रार्थनापुस्तकं आली. फोंड्याहून भजनी मंडळाच्या वह्या आल्या, समासात कुठल्या अभंगाला कुठला राग ते शिसपेन्सिलीने टिपलेल्या. (मला तर ते समास मजकुराइतकेच मोलाचे वाटतात.)

इंग्रज जेझुइट पाद्री फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण', म्हणजे मराठी ओव्यांतली ख्रिस्तकथा, १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. त्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही. म्हणून या वह्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी अडवल्यात, हे फार बरं केलंत.

मोडी वाचून देणारे आजोबा, उर्दू पुस्तकांची शीर्षकं लावून देणारे चाचा आणि भर पावसात खोक्यांवर ताडपत्री धरून बसलेला टेम्पोवाला, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं!

अजून कुणाच्या माळ्यावर काही असेल तर कळवा. पुसायला मात्र जाऊ नका, धूळ आम्हीच झाडू.