शाळेच्या व्हरांड्याबद्दल, व्यंकटेशास

सोलापूर,
१५ डिसेंबर

प्रिय व्यंकटेश,

सप्रेम नमस्कार. माझी साखर ताब्यात आहे, थंडीमुळे आईचे गुडघे जरा जास्त धरतात, बाकी सर्व क्षेम. हे सारे फोनवर बोलता आले असते. पण तुझ्यामागे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, आणि मला जे विचारायचे आहे ते ओरडून विचारण्यासारखे नाही.

पटावर मुले उरली नाहीत म्हणून आपली शाळा बंद पडली, हे तुला ठाऊक आहेच. आता त्या इमारतीत शहरी बेघरांसाठी निवारा केंद्र करण्याचे महापालिकेच्या विचारात आहे. ही बातमी गल्लीत पोहोचताच मंडळाच्या खोलीत बैठक झाली आणि आयुक्तांना विरोधाचे निवेदन द्यायचे ठरले. एरवी प्रत्येक बैठकीत डुलक्या घेणारे जंगमकाका या वेळी इतके जागे होते, की त्यांनी दोन ठिकाणी सही केली. अक्षर चांगले म्हणून निवेदनाची पक्की प्रत लिहायला माझ्याकडे दिली आहे. मी सही केलेली नाही. येत्या रविवारी मला बोलू द्या, मग काय ते ठरवा, असे सांगून मी कागद घरी आणला आहे.

गल्लीतले लोक दुष्ट आहेत असे तू समजू नकोस. तुझ्या धाकट्या बहिणीला सायकल शिकवणारी हीच माणसे आहेत. शाळेच्या कुंपणाशी आजही काहीजण झोपतात, रात्री उघडे असेल असे स्वच्छतागृह जवळपास नाही, त्यामुळे सकाळी त्या बाजूने नाक दाबून जावे लागते, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना ते सारे उपसावे लागते. मागच्या महिन्यात दारू पिऊन दोघांची मारामारी झाली, त्यात रिक्षाची काच फुटली. शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या आयांना वाटणारी भीती खोटी नाही. मात्र ही सर्व तक्रार निवारा नसल्याची आहे, आणि तीच कारणे दाखवून निवारा नको म्हणायचे, हे मला पटत नाही.

बैठकीत जो तो 'ते लोक' म्हणत होता. मी कुंपणाशी जाऊन बसू लागलो तेव्हा कळले, की तिथे एकासारखा दुसरा नाही. दोघे-तिघे केटररकडे वाढपी आहेत. लग्नाची पंगत उठून भांडी घासून होईपर्यंत मध्यरात्र उलटते, तेव्हा गावाकडची एस.टी. मिळत नाही आणि खोलीचे भाडे त्या मजुरीत बसत नाही. एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचा मुलगा याच शहरात राहतो, त्याविषयी ते बोलत नाहीत. एक बाई भंगार गोळा करते. झोपताना ती हातगाडीचा दांडा लुगड्याच्या चिंधीने स्वतःच्या घोट्याला बांधते, म्हणजे कोणी गाडी ओढली तर जाग येईल. निवाऱ्यात याल का, असे विचारल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "गाडी आत घेतील का?" बायका आणि पुरुष वेगळे ठेवणार असतील तर तिचा नवरा बाहेर झोपणार, आणि मग तीही बाहेरच झोपणार. नुसत्या खाटा मांडून हा प्रश्न सुटणार नाही, हे मला तिच्यामुळे उमगले.

आणखी एक बाई आहे, ती कोणाशी बोलत नाही, अंगावर थरावर थर कपडे घालून फिरते. लोकांनी तक्रार केली की तिला कोणीतरी गाडीत बसवते आणि काही दिवसांनी ती पुन्हा येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. परंतु उपचारानंतर तिने कुठे राहायचे, या प्रश्नाला पत्ताच नाही.

"भिकाऱ्यांना उचलून न्या," असे एकजण म्हणाला. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम १९५९ चा आहे, आणि त्यात उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा रीतीने सार्वजनिक जागी वावरणे हेसुद्धा भीक मागण्यात मोडते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमे रद्द केली. दुसरा म्हणाला, केंद्र शहराबाहेर करा. शहराबाहेर हमाली कोण देणार? यांचे काम स्टेशनवर, मार्केट यार्डात, सिद्धेश्वराच्या देवळापाशी. महिन्याभराने सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरेल तेव्हा पाळणे उभारायला हीच माणसे लागतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लाख लोकसंख्येमागे एक, असे बारा महिने दिवसरात्र उघडे राहणारे निवारे करायला सांगितले. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे निदान नऊ निवारे हवेत. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली आणि देशभरात १७.७ लाख माणसे निघाली. पण त्या रात्री जो पंगतीत वाढत होता, तो मोजणाऱ्याला कसा सापडला असेल?

घरे देणे या शहराला जमत नाही असे नाही. शहराजवळ कुंभारीला असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत आखली गेली, त्यातली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. परंतु त्या घरासाठी स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, कर्ज काढावे लागते, कागद लागतात. भंगारवाल्या बाईकडे प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आहे, त्यावर पत्ताही आहे, फक्त ती चाळ आता उभी नाही.

आता मुद्द्यावर येतो. त्याच शाळेचा मागचा व्हरांडा, जिथे शिपाईमामा अंधार पडल्यावर फाटक उघडे ठेवीत. तुम्ही मावशीकडे राहायला गेलात, असे तू वर्गात सांगितले होतेस. तुझ्या अक्का तिथल्या दिव्याखाली बसून हजार विड्या पुऱ्या करायच्या आणि माझी आई भाकरी-चटणी माझ्या दप्तरातून पाठवायची. गिरणीचा भोंगा बंद झाल्यानंतरचा तो हिवाळा. भिवंडीला जाताना तू मला शपथ घातलीस आणि मी ती पाळली. तू गेलास म्हणून रागाने वर्षभर तुझ्या पत्रांना उत्तर दिले नाही, तेव्हासुद्धा पाळली. त्यावरून आपण नंतर पुष्कळ भांडलो आहोत, ते पुन्हा उकरायला नको.

रविवारी मला हे सांगायचे आहे. नाव न घेता सांगितले तरी जुनी माणसे ओळखतील. ज्या व्यंकटेशच्या लग्नाला अख्खी गल्ली गाडी करून भिवंडीला गेली, तो त्या व्हरांड्यात झोपून सातवी पास झाला, हे कळल्यावर निदान जंगमकाका आपली एक सही तरी काढून घेतील. कायदे आणि आकडे मी मांडीनच, पण त्यांनी कोणी हलेल असे मला वाटत नाही. तुला संकोच वाटत असेल तर मी एक शब्दही उच्चारणार नाही आणि आकड्यांवरच लढेन. अक्कांनाही विचार, ती गोष्ट तुझ्याइतकीच त्यांची आहे.

रॅपियर मागांचे कर्ज मंजूर झाले का? सुनबाईंचे बाळंतपण कधी आहे? वहिनींना सांग, शेंगाचटणी पाठवली आहे, या खेपेस तिखट कमी घातले आहे.

शनिवारी रात्रीपर्यंत हो किंवा नाही, एवढे कळव.

तुझा,
सिद्धू