परवान्यावर तुमचंही नाव आहे

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादाकडून तुम्हाला अर्धवट काहीतरी कळलंय, आणि अर्धवट कळलेलं जास्त छळतं, म्हणून सगळं लिहून पाठवते. फोनवर हे जमलं नसतं. बाबा, तुम्ही ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता आणि मी तिला गुडघ्याचं विचारत बसले असते.

मी नोकरी सोडली. लोअर परळला एक जागा भाड्यानं घेतली आहे, तिथे माझं स्वतःचं रेस्टॉरंट आणि बार सुरू होतोय. आमचा शेफ आणि एक मैत्रीण, असे दोन भागीदार आहेत. करारावर सह्या झाल्या, डिपॉझिट दिलं, स्वयंपाकघराचं काम अर्ध्यावर आलंय. आणि बाबा, एफएल-३ परवाना, म्हणजे बारचा परवाना, माझ्या नावावर आहे. आजपर्यंत कुणी विचारलं की तुम्ही ‘मुलगी हॉटेलात मॅनेजर आहे’ असं सांगायचात, आणि ते खरंच होतं. आता परमिट रूमच्या परवान्यावर माझं पूर्ण नाव आहे, म्हणजे मधे तुमचंही आहे. तो कागद हातात आला तेव्हा आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि तुमचं नाव दारूच्या परवान्यावर. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

नोकरीत काय वाईट होतं, असं आई विचारेल. काहीच वाईट नव्हतं गं. पण दुसऱ्यांच्या जागा उभ्या करून द्यायच्या, मेनू बसवायचा, पोरं तयार करायची, आणि जागा चालायला लागली की पुढच्या जागेवर जायचं, याला काहीतरी शेवट हवा ना? माझी चाळिशी जवळ आली. अंगात ताकद आहे तोवर एक जागा माझी, माझ्या पद्धतीची व्हावी असं फार वाटत होतं.

आपल्याकडे या धंद्याला एकच नाव आहे आणि ते चांगलं नाही. २००५ मध्ये डान्स बार बंद झाले तेव्हा आपल्या ओट्यावर काय काय बोललं गेलं ते मला आठवतंय. पण मुंबईत त्याच्या आधीपासून दुसरंही काही घडत होतं. ए. डी. सिंग यांनी २००० मध्ये खारला ऑलिव्ह हे रेस्टॉरंट उघडलं. रियाझ अमलानी यांनी २००१ मध्ये चर्चगेटला मोका सुरू केलं, तिथे कॉलेजची मुलं एका कॉफीवर तासन् तास बसायची. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच बंगळुरूला सोशल काढलं. दिवसा तिथे लोक लॅपटॉप उघडून काम करतात आणि संध्याकाळी तीच जागा बार होते. माणसांना घर आणि ऑफिस सोडून बसायला तिसरी जागा लागते, हे या लोकांनी ओळखलं. मी याच शाळेत शिकले.

आणि फ्लॉइड कार्डोझ. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेला मुंबईचा शेफ. २०१५ मध्ये मुंबईत बॉम्बे कँटीन हे रेस्टॉरंट सुरू झालं त्यात ते होते. आपल्या बाजारातली, आई रोज निवडते त्यातली भाजी इतक्या मानानं ताटात येऊ शकते हे मला तिथे जेवताना पहिल्यांदा कळलं. मार्च २०२० मध्ये ते कोविडनं गेले. आई, मी माजघरात बसून रडत होते आणि तू काही न विचारता तेलाची वाटी घेऊन मागे येऊन बसलीस. मी शाळेत नापास झाले असते तरी तू तशीच बसली असतीस. ते महिने आठवले की अजून मला तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपावंसं वाटतं.

त्याच महिन्यांत मला या धंद्याचं खरं रूप दिसलं. मार्चमध्ये बंद झालेली हॉटेलं आपल्या राज्यात ५ ऑक्टोबरला उघडली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. भाडं थांबलं नव्हतं. ओडिशाची, बंगालची, नेपाळची आमची पोरं मला फोन करून विचारायची, ‘मॅडम, कब खुलेगा?’ ज्या मालकांनी गंगाजळी ठेवली होती ते तगले, ज्यांनी पहिल्या नफ्यातून दुसरी शाखा काढली होती ते बुडाले. म्हणून बाबा, सहा महिन्यांचं भाडं आणि पगार आम्ही वेगळ्या खात्यात ठेवले आहेत. तो पैसा सजावटीला वापरायचा नाही, हे भागीदारीच्या कागदात लिहून घेतलंय.

हिशेब तुम्ही तपासणारच, तर ऐका. जेवणाच्या शंभर रुपयांतले तीसच्या आसपास कच्च्या मालाला जातात. भाडं विक्रीच्या पंधरा-वीस टक्क्यांच्या वर गेलं की जागा हळूहळू मरते. जेवणावर जीएसटी ५ टक्के, पण आम्ही खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दारूला जीएसटी नाही, व्हॅट आहे, आणि परमिट रूमचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. पगार, वीज, गॅस, परवान्याची वार्षिक फी हे सगळं यातूनच. नुसत्या जेवणावर लोअर परळचं भाडं सुटत नाही. पण पैसा हे सगळं कारण नाही, तेही सांगते. संध्याकाळी सातला दिवे मंद होतात, गाणं सुरू होतं, दिवसभर थकलेली माणसं दारातून आत येतात आणि त्यांचे खांदे सैल पडतात. ते बघायला मला आवडतं. त्या माणसांची रात्र नीट पार पाडणं हे मला काम वाटतं, चांगलं काम.

अण्णाकाकांचं मी विसरलेले नाही. काकू पोरांना घेऊन आपल्याकडे आली ती रात्र मला लख्ख आठवते, त्यानंतर बाबांनी बैठकीत जे सांगितलं तेही. म्हणूनच मला वाटतं की बार चालवायचाच तर ज्यानं हे बघितलंय त्यानं चालवावा. राज्यात दारूला वय २५ लागतं, बिअरला २१. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि त्याला दारू देणाऱ्या पबांची नावं पेपरात आली, तेव्हा बाबा, तुम्ही रात्री फोन करून विचारलं होतंत, ‘तुमच्याकडेही असंच चालतं का?’ माझ्या दारात ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणी आत येणार नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. जास्त झालेल्याला पुढचा पेग नाही. गाडीची किल्ली काउंटरवर ठेवून टॅक्सीनं घरी.

रात्रीचं बंद करण्याचं काम एकदा तुम्ही बघायला हवं. शेवटचं टेबल उठलं की सगळ्या उघड्या बाटल्या खाली घ्यायच्या. एकेक वजनकाट्यावर ठेवायची, रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायचं, उरलं किती ते मिलिलिटरमध्ये लिहायचं. ७५० च्या बाटलीत ३० मिलीचे पंचवीस पेग. बिलं, बाटल्या आणि एक्साइजचं रजिस्टर, तिन्ही जुळली पाहिजेत. नाही जुळली तर मी पुन्हा पहिल्या बाटलीपासून सुरू करते. ताळा केल्याशिवाय वही मिटायची नाही, हे कुणी शिकवलं ते तुम्हाला माहीत आहे.

आगीची भीती तुमच्या मनात आहे, माझ्याही आहे. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबांना लागलेल्या आगीत १४ माणसं गेली, बरीचशी धुरानं गुदमरून. मी तेव्हा शेजारच्याच गल्लीत कामाला होते आणि माझा फोन लागेपर्यंत तुम्ही दोघं देवापुढे बसून होतात. माझी जागा तळमजल्यावर आहे, गच्चीवर नाही. बाहेर पडायला दोन वाटा, दोन्ही दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. हुक्का नाही, छताला जळणारं काही नाही, स्वयंपाकघरातली चिमणी ठरल्या तारखेला आतून खरवडून घ्यायची. अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मी एक पाहुणा आत घेणार नाही.

डोंबिवलीचा फ्लॅट तारण ठेवलाय. विकलेला नाही. तुमचं घर, शेत, आईचे दागिने, बाबांची पेन्शन, कशालाही धक्का नाही आणि लागणारही नाही. दर महिन्याला जे खात्यात येतं ते पाच तारखेला येतच राहील. माझं जेवणाचं म्हणाल तर दुपारी चारला आम्ही सगळे एकत्र बसून जेवणार, वरण-भात, भाजी, कधी मासे. रात्री गाडी घरापर्यंत सोडेल, माझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्या मुलींनाही. रात्रपाळीच्या बायकांना ती सोय द्यावीच लागते, राज्याच्या २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्यात आहे. झोप सकाळी होईल, पण पुरेशी होईल.

आता तुमचं. आई, न्हाणीघरात दांडी बसवायला माणूस येणार आहे, त्याला ‘नंतर ये’ म्हणू नकोस. दांडी बसेपर्यंत एकटीनं अंघोळीला जायचं नाही, मावशींना दाराशी थांबवायचं. मावशी आता रात्रीही राहतील, मी त्यांच्याशी बोलले आहे, त्यांच्या पगारावरून घासाघीस करू नकोस. बाबा, रक्त पातळ करायची गोळी जेवण झाल्याबरोबर, पेपर वाचून झाल्यावर नाही. डबीत वाराप्रमाणे भरून ठेवल्या आहेत. आणि या वर्षी वारीत चालायचं नाही. लोणंदपर्यंत दादा गाडीनं नेईल, चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघायचं आणि गाडीनंच परत. डॉक्टरांनी जिना सांभाळून चढा म्हटलंय, तुम्ही घाट काढू नका. आषाढी एकादशीला ड्राय डे असतो, त्यामुळे त्या दिवशी मी नक्की घरी असेन. दिवाळीत जमेल असं वचन देत नाही, पहिलं वर्ष आहे.

उद्घाटनाला तुम्ही यावं असा माझा हट्ट नाही. पण सकाळी सत्यनारायण आहे. दारूचा साठा त्यानंतर लावायचा असं मी ठरवलंय, पूजेच्या वेळी काउंटरवर एक बाटली दिसणार नाही. यावंसं वाटलं तर वहिनी घेऊन येईल आणि जेवून लगेच परत नेईल. नाही वाटलं तर मी तुमच्यावर रागावणार नाही, आईनं फक्त शिऱ्याचं प्रमाण सांगावं, तिथे दीडशे माणसं आहेत.

नातेवाइकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी कुठल्याच उत्तराला नाही म्हणणार नाही.

सोमवारी सकाळी अकराला फोन करते. बाबा, तुम्हीच उचला.

तुमची,
चिमू