जुन्या रायफलीला बफिंगचे चाक लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी घड्याळे, जुने रेडिओ, सागवानी कपाटे यांची हौसेने डागडुजी करणाऱ्या वाचकांबद्दल आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते. वडिलोपार्जित, परवान्याची बंदूकही अनेक घरांत असते. तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि त्यामुळे तिचे काय करावे हे ठाऊक नसलेल्या माझ्यासारख्यांच्या हातून तिचे नुकसान होते. म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूर परिसरातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर माझ्या नावावर होऊन त्यांची बीएसए कंपनीची रायफल माझ्याकडे आली. बोल्टची (म्हणजे मागची दांडी हाताने मागेपुढे सरकवून काडतूस भरायची), एकनळी, नळीच्या .२२ इंची मापावरून जिला आपण सगळे ‘पॉइंट टू-टू’ म्हणतो ती. एनसीसीत गेलेल्या कोणालाही ही जात ठाऊक असते. हिच्या काडतुसाला मागे वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला तळाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. आज सर्वत्र चालणारे ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ सालापासूनचे आहे आणि त्याची महती अजून सरलेली नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला आमच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, ते याच काडतुसावर.

वडिलांची रायफल बरीच वर्षे कपाटात पडून राहिल्याने नळीवर तांबूस ठिपके पडले होते. ओळखीतून एका दुरुस्ती करणाऱ्याचे नाव समजले. आठ दिवसांत नवी करून देतो, असे तो म्हणाला आणि त्याने ती खरोखरच नवी करून दिली. त्याने बफिंग केले होते, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकावर धातू घासून चकाकवला होता. नळी आरशासारखी चकाकत होती. पण बॉडीच्या, म्हणजे नळीमागच्या बोल्ट बसतो त्या लोखंडी भागाच्या, सरळ, धारदार कडा गोल झाल्या होत्या, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट झाले होते आणि एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन रायफलींचे बीएसएचे चिन्ह बोटाने चाचपून शोधावे लागत होते. नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे छाप असतात. ही संस्था १८१३ पासून नळ्यांची दाबचाचणी करून छाप मारते आहे. त्यातला एक छाप अर्धा पुसला गेला. नंबर खोल ठोकलेला होता म्हणून वाचला. बफिंगने दोन-तीन थाऊच गेले असतील, म्हणजे इंचाचे दोन-तीन हजारांश. पण काढलेला धातू परत बसवता येत नाही हे चाळीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. तरीही मी रायफल देताना ‘बफिंग करू नका’ एवढे तीन शब्द बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

खरे तर वरवरच्या गंजाला चाक लागतच नाही. पातळ तेल लावून रात्रभर मुरू द्यावे आणि अगदी बारीक, चार शून्य नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने पुसावे. तांबूस भुकटी निघून येते आणि खालचा निळसर काळा रंग बहुतेक ठिकाणी शाबूत सापडतो. जिथे तो झिजून करडा झाला आहे तिथे तो तसाच असू द्यावा. नळीच्या आतला गंज बहुधा जुन्या काडतुसांमुळे धरलेला असतो. त्यांच्या मसाल्यातून क्षार मागे राहत आणि ते हवेतली ओल ओढून घेत. नुसत्या तेलाने हे क्षार विरघळत नाहीत, त्यांना आधी गरम पाणी लागते आणि मग कोरडे करून तेल. शिवाय नळी साफ करताना गज शक्यतो मागून, बोल्ट काढून घालावा. पुढून घातलेला लोखंडी गज नळीचे तोंड घासतो, आणि नेम बिघडायला तेवढे पुरते.

दस्ता मात्र मी दुरुस्तीला दिला नव्हता. तो आक्रोडाचा दस्ता मी घरीच केला आणि या सगळ्या उद्योगातला खरा आनंद मला तिथे मिळाला. मागच्या बाजूला, वडिलांच्या हातून रायफल जीपमधून पडली तेव्हाचा, अंगठ्याएवढा खोलगट पोचा होता. सुती कापड ओले करून, चौपदरी घडी घालून त्यावर ठेवले आणि वरून गरम इस्त्री टेकवली. चर्र आवाज होऊन वाफ लाकडात शिरली, दबलेले तंतू फुगले आणि तिसऱ्या खेपेला तिथे बोट फिरवले तर पोचा हाताला लागेना. हेच काम पॉलिश पेपरने करायला गेलो असतो तर आजूबाजूचे लाकूड खाली गेले असते आणि लोखंड व लाकूड जिथे मिळते तिथे पायरी पडली असती. त्यानंतर जवसाचे तेल तळहाताने, चार थेंबांच्या वर नाही, असे आठवडाभर रोज चोळले. (या तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवावीत.) दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरायच्या निमुळत्या भागापाशी, वडिलांच्या पंजाच्या घामाने लाकूड काळवंडले आहे, त्याला मी हात लावला नाही.

आपल्या सोयीप्रमाणे बदल करूच नयेत असे माझे म्हणणे नाही. माझे हात वडिलांपेक्षा लांब असल्याने दस्ता मला आखूड पडतो, म्हणून मागे रबरी पॅड लावायचा होता. मूळ दस्ता न कापता, आहे त्याच स्क्रूंवर बसेल असा पॅड मी केला. उद्या मुलीने तो काढला तर रायफल पूर्वीसारखीच राहील. डोळ्यांसाठी मागे भोकाचा साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचे साधन, बसवायचा असेल तर तोही पकडीवर बसणारा घ्यावा, बॉडीत नवे भोक पाडू नये. चाप हलका करण्यासाठी आतल्या भागांना कानस लावण्याच्या फंदात तर कोणीच पडू नये. एकदा तिथला कोन बिघडला की रायफल नुसत्या धक्क्याने सुटू शकते. तसेच रिकामी रायफल सारखी चाप ओढून ‘वाजवून’ बघण्याची सवय सोडावी. काडतूस नसताना पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीच्या, कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो.

धातूच्या कामाबाबत कायदाही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरफार करायला त्या कामाचा वेगळा परवाना लागतो, नळी परस्पर आखूड करता येत नाही आणि नंबर वा ओळखीची खूण पुसणे हा गुन्हा आहे. म्हणजे माझ्या रायफलीवर चाक आणखी थोडे फिरले असते तर प्रश्न केवळ सौंदर्याचा राहिला नसता. धातूचे काम परवानाधारकाकडेच द्यावे, आणि देताना काय करायचे नाही ते कागदावर लिहून, त्यावर त्याची सही घ्यावी.

शेवटी पोलीस खात्याला एक विनंती. निवडणुकीच्या काळात आमच्या रायफली ठाण्यात जमा होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओळखचिठ्ठीची तार नळीभोवती आवळून बांधली की तिच्याखाली पाणी धरते आणि रायफल परत मिळते तेव्हा नळीवर गंजाचे कडे उठलेले असते. ती चिठ्ठी सुतळीने चापाच्या कड्याला बांधावी आणि मालकाने तेल लावून आणलेले सुती फडके रायफलीभोवती तसेच राहू द्यावे. फोमच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून मी स्वतः वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा तेलात भिजवून, पिळून वापरतो आणि पुढच्या वेळीही तोच घेऊन जाणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर