आयडलिंग हलतंय म्हणून स्क्रू फिरवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन फिरणं) वर-खाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ करा आणि तरीही फरक पडला नाही तर आयडलचा स्क्रू थोडा वाढवून घ्या, असा सल्ला आपल्या वाहनविषयक पानावर छापून आला. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला तो लागू पडतो. रीमॅप केलेल्या (ईसीयू या इंजिनाच्या संगणकातला मॅप, म्हणजे इंधन वगैरेंचे तक्ते, बदललेल्या), फिल्टर-सायलेन्सर बदललेल्या टर्बो गाडीला मात्र तो घातक आहे. अशा गाड्या पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात बऱ्याच आहेत. त्यांच्या मालकांनी गॅरेजमध्ये जाऊन हा सल्ला अमलात आणू नये, म्हणून हे पत्र.

आधी त्या स्क्रूविषयी. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलची चकती बंद होताना भिंतीत अडकू नये एवढ्यापुरता तो कारखान्यात बसवलेला असतो. केबलच्या थ्रॉटलमध्ये चकती बंद असताना पोझिशन सेन्सर साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो आणि तेवढ्यावरून ईसीयू ओळखतो की पाय पेडलवर नाही. स्क्रू आत गेला की हा व्होल्टेज वाढतो, पाय पेडलवरच आहे असं ईसीयू धरून चालतो आणि आयडलिंग सांभाळायचं सोडून देतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये तर चकती मोटर हलवते, तिथं स्क्रूचा प्रश्नच येत नाही.

उदाहरणाला पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतो. १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, टर्बो. शौकिनांनी ही गाडी अजून जपली आहे आणि मूळ स्थितीत राहिलेली फार थोडी सापडते. हिच्यात एअर फिल्टरच्या लगेच पुढं हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे मॅफ, असतो. आत आलेली हवा तो ग्रॅममध्ये मोजतो आणि ईसीयू त्या हिशेबानं पेट्रोल देतो. मॅफच्या पुढं, म्हणजे मॅफ आणि इंजिनाच्या मध्ये, कुठूनही चोरून हवा शिरली तर ती हिशेबात येत नाही. आयडलिंगला हे इंजिन सेकंदाला जेमतेम २ ते ४ ग्रॅम हवा घेतं, त्यामुळं अर्धा ग्रॅमची चोरीही मोठी ठरते. शिवाय मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरकडं जाणाऱ्या नळ्यांतला, व्हॅक्यूम त्याच वेळी जोरात असतो. हायवेला हीच गाडी कित्येक पट हवा ओढते, तेव्हा ती चोरी जाणवतही नाही. ‘रस्त्यावर पळते झकास, सिग्नलला मात्र थरथरते’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तपासायच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. आरपीएमचा काटा ७०० ते १२०० असा संथपणे वर-खाली होत असेल तर ते हंटिंग, आणि त्याचं मूळ हवेच्या हिशेबात शोधायचं. काटा जागेवर आहे पण इंजिन ठरावीक तालात धक्के देतंय, तर ते मिसिंग. तिथं आधी कॉइल आणि प्लग बघायचे. या इंजिनाचे कॉइलपॅक जाण्यासाठी कुप्रसिद्धच आहेत. बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) वाढवलेल्या गाडीत प्लगची गॅप ०.८ मिमीवरून ०.७ वर आणावी लागते, नाहीतर वाढलेल्या दाबाखाली ठिणगी विझते.

स्कॅनर लावल्यावर बहुतेक जण पहिलं काम करतात ते कोड, म्हणजे ईसीयूनं नोंदवलेले दोष, पुसायचं. हे काम सगळ्यात शेवटी करायला हवं. या गाडीत कोड पुसले की ईसीयूनं जमवलेली इंधनाची दुरुस्तीही (पेट्रोल किती टक्के वाढवायचं किंवा घटवायचं तो हिशेब) पुसली जाते, आणि खरा पुरावा तोच असतो. आधी स्कॅनरवर मेजरिंग ब्लॉक ०३२ (आकड्यांचं पान) उघडा आणि त्यातले पहिले दोन आकडे लिहून घ्या. पहिला आयडलिंगची दुरुस्ती सांगतो, दुसरा चालत्या गाडीची. दोन्ही उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असावेत, पाचच्या आत असले तर उत्तम. पहिला भरपूर अधिक आणि दुसरा शून्याजवळ असेल तर मॅफच्या पुढं हवा शिरतेय. दुसराही अधिक, आणि वेगाबरोबर कमतरता वाढत जातेय, तर मॅफ कमी मोजतोय किंवा पेट्रोलचा दाब पडतोय. पहिला बराच उणे असेल तर पेट्रोल जादा जातंय, म्हणून टाकीतल्या वाफा ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळतोय का, हे बघा. पर्ज व्हॉल्व्हचा होज चिमट्यानं दाबला की मिनिटभरात उत्तर मिळतं. पाण्याच्या तापमानाचा सेन्सरही इथंच तपासून घ्या. गरम इंजिनाला तो थंड म्हणत असेल तर पेट्रोल जास्तच जाणार.

हवा शिरते कुठून? या इंजिनात पहिला संशय इंटेक मॅनिफोल्डच्या खालच्या ब्रीदर होजवर (इंजिनातल्या वाफा नेणाऱ्या नळीवर) घ्यावा. तेलाच्या वाफेनं तो मऊ होतो आणि खालच्या बाजूनं चिरतो, त्यामुळं वरून पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही. मग ब्रेक बूस्टरच्या लाइनमधला चेक व्हॉल्व्ह, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, आणि बूस्ट गेज लावताना घातलेला प्लास्टिकचा टी (तीन तोंडांचा जोड). गेजसाठी लाइन कापली आणि टीला क्लिप लावलीच नाही, हे सर्रास दिसतं. जोडावर कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतो का ते बघायची आपल्याकडं पद्धत आहे. कृपा करून टर्बोच्या गाडीवर ती वापरू नये. टर्बो आणि एक्झॉस्ट लाल होण्याइतके तापतात आणि क्लीनर पेट घेतो. स्मोक मशीननं अर्धा ते एक पीएसआय दाबावर धूर सोडावा, धूर निघेल ती गळती. मशीन नसेल तर टर्बोचं तोंड बंद करून चार-पाच पीएसआय हवा द्यावी आणि जोडांवर साबणाचं पाणी मारावं. याहून जास्त दाब दिला तर क्रँकची सीलं बाहेर येऊ शकतात.

व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी उंचीचा हिशेब धरावा. मुंबईत निरोगी इंजिन पाऱ्याचे १८ ते २० इंच दाखवतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, तिथं तेच इंजिन जवळपास दोन इंच कमी दाखवणार. तेवढ्यावरून इंजिनाचं हेड उघडायला सांगणारे भेटतात, म्हणून हा मुद्दा लिहिला.

आता मॉडिफिकेशनमुळंच येणारे दोष. कोणतीही गळती नसताना आयडलिंग हलतं ते यांच्यामुळं.

आवाजासाठी बसवलेला, थ्रॉटल मिटताच टर्बोची साठलेली हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह यात सगळ्यात वरचा. मॅफनं मोजलेली हवा तो बाहेर फेकतो, पण तिच्यासाठीचं पेट्रोल सिलिंडरमध्ये जातंच. क्लच दाबताच काटा ५०० पर्यंत पडतो, कधी गाडी बंदच पडते. स्प्रिंग नरम असेल तर हा व्हॉल्व्ह आयडलिंगच्या व्हॅक्यूमनंही उघडतो आणि न मोजलेली, न गाळलेली धूळभरली हवा आत घेतो. हवा मॅफनंतरच्या पाइपात परत आणणारा मूळ पद्धतीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह लावणं, हाच इलाज. पोलो जीटी टीएसआयसारख्या, मॅफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत हा दोष असा दिसत नाही. तिथं गळतीही वेगळी दिसते. शिरलेली हवा दाबात मोजली जाते, त्यामुळं इंधनाची दुरुस्ती फारशी हलत नाही, उलट आयडलिंग चढतं किंवा थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटलेला दिसतो.

फिल्टरबरोबर मॅफची मोठी नळी बसवली की काय होतं ते आकड्यांतच पाहा. ७० मिमीच्या जागी ८० मिमी व्यास म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्के जास्त. तेवढ्याच हवेचा वेग उतरतो आणि सेन्सर खऱ्याच्या ७७ टक्केच मोजतो. ही तूट भरायला ईसीयूला सुमारे ३० टक्के पेट्रोल वाढवावं लागेल आणि त्याची दुरुस्तीची मर्यादा साधारण तिथंच संपते. नळी बदलली तर मॅपमधला मॅफचा तक्ता बदललाच पाहिजे. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते सेन्सरच्या पापुद्र्यावर बसतं. तो मॅफ क्लीनरनंच धुवावा, बोट किंवा कापड लावू नये.

इंजेक्टर मोठे केलेल्या गाडीची तक्रार वेगळीच असते, ‘पंखा सुरू झाला की आयडलिंग पडतं.’ इंजेक्टरला वीज मिळाल्यावर उघडायला वेळ लागतो. १४ व्होल्टला तो सुमारे ०.८ मिलिसेकंद धरा, पंखा लागून व्होल्टेज उतरला की तो वाढतो. मूळ इंजेक्टर आयडलिंगला १.४ मिलिसेकंद पेट्रोल देत असेल तर दुप्पट मापाचा ०.७ देणार. या वेळेच्या तक्त्यात ०.२ मिलिसेकंदाची चूक राहिली तर मूळ इंजेक्टरला ती १४ टक्के पडते, मोठ्याला सुमारे २९ टक्के. मॅपवाल्याकडं इंजेक्टरचा व्होल्टेजनिहाय तक्ता मागावा. तो नसेल तर मॅप अंदाजानं केलेला आहे असं समजावं.

डाउनपाइपचं (टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपाचं) गॅस्केट पुढच्या लॅम्डा सेन्सरच्या, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या, आधी फुटलं तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत जाते आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. ओळख सोपी आहे. दुरुस्ती अधिक, पण प्लग काळे. (डाउनपाइप बदलताना धूर शुद्ध करणारा कॅटलिस्ट काढून टाकणं बेकायदा आहे आणि त्याचं समर्थन या पत्रात नाही.) हॉट कॅम (ताकदीसाठी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट) लावलेल्या गाडीचं आयडलिंग थोडं डुलणारच. तिथं लक्ष्य ९५०-१००० आरपीएमवर न्यावं आणि गळती शोधत बसू नये.

हे सगळं झाल्यावर थ्रॉटल साफ करावा. साफ केल्यावर चकतीची जागा ईसीयूला नव्यानं शिकवावी लागते. इंजिन बंद, इग्निशन चालू, पेडलला स्पर्श नाही, बॅटरी चांगली, आणि स्कॅनरवर बेसिक सेटिंगचा ग्रुप ०६०. अ‍ॅडाप्टेशन ओके आल्याशिवाय चावी फिरवू नये. हे न केल्यामुळंच ‘सफाईनंतर आयडलिंग जास्त बिघडलं’ अशी तक्रार येते आणि मग कुणीतरी तो स्क्रू शोधायला लागतो.

आपल्या पानावर या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, आणि गॅरेजमध्ये कोड पुसण्याआधी ०३२ चे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या, हे वाचकांना जरूर सांगावं, ही विनंती.

आपला,
एक ट्यूनिंग तंत्रज्ञ, पुणे